कुंद्याचा डबा कुणी नेला? जेनेटिक्स-फॉरेन्सिक किट आठ महिने वर्गात वापरल्यावर

गेल्या जुलैत शाळेसाठी एक किट मागवलं. वर्गात खोटी चोरी घडवायची आणि पोरांनी अनुवंशिकता अन् फॉरेन्सिक (गुन्ह्याचा पुरावा विज्ञानानं तपासणं) शिकत शिकत चोर शोधायचा, असं ते आहे. आता फेब्रुवारी संपत आला, दहावीची पोरं परीक्षेच्या नादात आहेत, म्हणून जरा बसून लिहितोय, कारण घ्यायच्या आधी मी शोधलं तेव्हा मराठी माध्यमाच्या शाळेत कुणी वापरून लिहिलेलं काहीच सापडलं नव्हतं. कंपनीचं नाव टाकत नाही, जाहिरात वाटायला नको आणि तक्रारीही आहेत.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आमची पोरं म्हणजे घरात मराठी, बसमध्ये कन्नड, मोबाईलवर हिंदी. किट मात्र सगळं इंग्रजीत. केस फाइल उघडली तर परदेशातल्या कुठल्या म्युझियममधून हार चोरीला गेलेला. पहिल्याच दिवशी कळलं की हे असंच्या असं वर्गात नेलं तर पोरं जांभया देणार. दोन रात्री बसून सगळं मराठीत केलं आणि हाराच्या जागी बेळगावचा कुंदा, आमच्याकडची दुधाची मिठाई, ठेवला. स्टाफरूमच्या कपाटातून शनिवारी कुंद्याचा डबा गेला, रिकामा स्टीलचा डबा मैदानाच्या कडेला सापडला, झाकणावर अंगठ्याचा ठसा, कपाटाच्या पत्र्याला रक्ताचा डाग (किटमधलं नकली रक्त), आत काळ्या पेनानं लिहिलेली चिठ्ठी. संशयित पाच, हेडसर, पीटी सर, गणिताच्या बाई, क्लार्क आणि शिपाई मामा. सगळ्यांना विचारूनच नावं घातली, सगळे हसत तयार झाले.

इथं माझी एक चूक झाली. पहिल्या तासाला सांगितलं, काही न तपासता तुम्हाला कोण वाटतंय ते चिठ्ठीवर लिहा. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर मामा. का रे म्हटलं, तर म्हणाले, चावी मामांकडंच असती की ओ सर. तेवढ्यात मामा नोटीस घेऊन दारात आले आणि फळ्यावर त्यांच्या नावापुढं काढलेल्या उभ्या रेघा त्यांना दिसल्या. काही बोलले नाहीत, वही पुढं केली, सही घेतली आणि गेले. मला दिवसभर चैन पडली नाही. संध्याकाळी जाऊन माफी मागितली, तर म्हणाले, खेळ हाय ओ सर, पण आवाज नेहमीचा नव्हता. तेव्हाच ठरवलं की ह्या किटमधनं दुसरं काही शिको न शिको, पुरावा आधी माणूस सोडवतो आणि मग धरतो, एवढं पोरांच्या डोक्यात बसलंच पाहिजे.

त्याला रक्तगटाचा प्रयोग एकदम जुळून आला. प्रत्येक संशयिताची एक कुपी, डागाची एक, दोन थेंब सीरम (रक्तगट ओळखायचा द्रव) टाकायचं आणि गुठळ्या होतात का बघायचं. डाग निघाला बी, मामांची कुपी ओ. मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्यानं सगळ्यात आधी मामा लिहिलेलं, तो उठून म्हणाला सर मग मामा नव्हेत. बरोबर, पण बी तर पीटी सर पण आहेत, हेडसर पण आहेत, मग दोघं चोर का? गट जुळला म्हणजे चोर सापडला असं नव्हे, पण जुळलाच नाही तर तो डाग त्या माणसाचा नव्हे. हे वाक्य पोरांनी त्या दिवसापासून पकडलं ते अजून सोडलेलं नाही.

त्याच तासाला इंग्लंडमधल्या लेस्टरची केस सांगितली, खुनाचा तपशील गाळून. १९८४ ला लेस्टर युनिव्हर्सिटीत अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएचा ठसा काढायची, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखायची युक्ती सापडली आणि दोन वर्षांत पोलीस तिथल्याच दोन मुलींच्या खुनाची केस घेऊन त्यांच्याकडं आले. १७ वर्षांच्या एका पोरानं एक खून कबूल पण केलेला. डीएनए काढला तर दोन्ही ठिकाणी माणूस एकच, पण तो हा पोरगा नव्हे! कबुली दिलेला पोरगा सुटला. मग आसपासच्या हजारो पुरुषांची रक्तं तपासली, खऱ्या गुन्हेगारानं दुसऱ्यालाच आपल्या नावानं रक्त द्यायला पाठवलेलं, ते पण उघडं पडलं आणि १९८८ ला त्याला जन्मठेप झाली. वर्ग चिडीचूप. आपल्याकडं हे काम हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेत लालजी सिंह यांनी उभं केलं, तेही सांगितलं.

ठशांचा भाग आमच्याकडं सगळ्यात रंगला, त्याचं श्रेय किटला कमी आणि पोरांच्या आज्ज्यांना जास्त. बोटावरचं चक्र आणि शंख आमच्या पोरांना आधीच माहीत, दहा चक्रं असली की राजयोग वगैरे घरात ऐकलेलं असतं. मग व्होर्ल म्हणजे चक्र, लूप म्हणजे शंख, आर्च म्हणजे कमान, पाच मिनिटांत विषय संपला. जगभर शंख ६०-६५ टक्के, चक्रं ३०-३५ आणि कमान जेमतेम ५, आमच्या वर्गातही शंखच जास्त निघाले. वर्गात दोन जुळ्या बहिणी आहेत, आईसुद्धा लांबून चुकते इतक्या सारख्या. सगळ्यांनी पैज लावली ठसे सेम येणार. भिंगाखाली दोघींच्या अंगठ्यावर शंखच होता पण एकीची रेघ जिथं फुटत होती तिथं दुसरीची सरळ जात होती. डीएनए एकच असून ठसा वेगळा, कारण त्या रेषा पोटात असताना तिथल्या दाबानं, वाढीच्या वेगानं बदलत जातात. ठशांचा पहिला सरकारी ब्युरो १८९७ ला कलकत्त्यात निघाला आणि वर्गीकरणाच्या कामात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघे होते, हे ऐकून पोरांनी टाळ्या वाजवल्या. किटमधली पावडर मात्र आमच्या पावसात पंधरा दिवसांत ढेकूळ झाली. मग पेन्सिलीचं शिसं घासून बारीक केलं आणि बाईंच्या मेकअपच्या जुन्या ब्रशनं लावलं, ते उलट चांगलं चाललं.

जेलचा डबा, म्हणजे डीएनएचे तुकडे करंटनं जेलीतून सरकवून वेगळे करायचा डबा, हा किटचा सगळ्यात महागडा भाग आणि तोच सगळ्यात नाजूक. पहिल्यांदा लावला तेव्हा दहा मिनिटांत करंट गेला, जुलैत खानापूरला ते रोजचंच. दुसऱ्या खेपेला नऊ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकाला एक जोडून ४५ व्होल्ट केले. सोबत आलेली अगरोज नावाची जेलीची पूड संपल्यावर बाजारातला चायना ग्रास १०० मिली पाण्याला एक ग्रॅम घेतला, बाकी पाण्यात खायचा सोडा आणि डीएनएच्या जागी खायचे रंग. तारांपाशी बुडबुडे यायला लागले आणि पाऊण तासात निळा एका जागी, लाल पुढं, पिवळा त्याच्याही पुढं सरकलेला. डीएनएवर ऋण भार असतो म्हणून तो धन टोकाकडं ओढला जातो आणि लहान तुकडा जाळीतनं लवकर निसटतो, हे फळ्यावर चार वेळा सांगून जे कळत नव्हतं ते पोरं आता एकमेकांना सांगत होती. डागाचे पट्टे जुळले हेडसरांशी. अशी बाकं बडवली की शेजारच्या वर्गातले सर उठून आले.

केळ्याचा डीएनए काढायला किट लागतच नाही, भांडी घासायचं लिक्विड, मीठ, चहाची गाळणी आणि गार केलेलं स्पिरिट बस्स. आमच्याकडं फ्रीज नाही म्हणून बाटली समोरच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजरात ठेवलेली. वर तरंगतो तो पांढरा दोरा सगळाच्या सगळा डीएनए नसतो, त्यात पेक्टिन आणि प्रथिनं पण असतात, हे पुस्तिकेत लिहिलेलं नाही, ते लिहायला पाहिजे होतं.

आता खरी तक्रार. संशयितांच्या पानावर जीभ वळवता येणं हा एकाच जनुकाचा प्रभावी गुण म्हणून दिलाय. १९५२ लाच एकसारख्या जुळ्यांच्या अभ्यासात दिसलेलं की एकाला जमतं, दुसऱ्याला नाही. इतक्या वर्षांनी तेच छापायचं म्हणजे फार झालं. मी ते पान फाडलंच. नाहीतर एखादं पोरगं घरी जाऊन आई-बाबांची जीभ बघणार आणि नको ती शंका काढणार.

आणि ती शंका आलीच, दुसऱ्या वाटेनं. किटमध्ये घरच्यांचे रक्तगट लिहून आणायचा तक्ता आहे, मी विचार न करता गृहपाठ दिला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक पोरगा एकटाच आला, हळू आवाजात म्हणाला, सर बाबांचा एबी आहे आणि माझा ओ, पुस्तकाप्रमाणं असं होत नाही की. माझ्या पोटात गोळा आला. त्याला बसवलं, सांगितलं की कार्डं कॅम्पमध्ये घाईत लिहिलेली असतात, शिवाय बॉम्बे ब्लड ग्रुप नावाचा प्रकार आहे, १९५२ ला मुंबईत डॉ. भेंडे यांनी शोधलेला, आपल्याकडं साधारण दहा हजारांत एखाद्याचा असतो, त्यात ए किंवा बी चं जनुक असूनही साध्या तपासणीत ओ दिसतो. पुढच्या आठवड्यात बाबांनीच दवाखान्यात पुन्हा तपासलं, एबी नव्हे, ए निघाला, कार्डच चुकलेलं. पोरगा पळत सांगायला आला. पण तो आठवडा त्याच्या घरात कसा गेला असेल हे मी विसरू शकत नाही. कुणी हे किट घेतलंत तर तो तक्ता वर्गात वाटू नका, काल्पनिक कुटुंब द्या, काम तेवढंच होतं.

पैशाचं म्हणाल तर चाळीस पोरांच्या वर्गाला एक किट पुरत नाही, गट करून आळीपाळीनं करावं लागतं, सीरम तर दोन बॅचमध्ये संपलं. अर्ध्याहून जास्त सामान गावात मिळतं, खरा उपयोग केस फाइलच्या रचनेचा. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं हे शिकायला कुठं जायचं, तर आता धारवाडलाच नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीचा कॅम्पस आहे, आणि १ जुलै २०२४ पासून सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं जागेवर जाणं कायद्यात आलंय, म्हणजे माणसं लागणार. ती वडिलांना घेऊन धारवाडला बघून पण आली.

जूनमध्ये नवीन बॅचला पुन्हा करणार आहे. संशयितांच्या यादीतून मामांचं नाव काढायचं असं मी ठरवलेलं. परवा यादी लिहीत बसलो होतो तर मामा मागून वाकून बघत होते. म्हणाले, माझं कुठाय? ठेवा की ओ सर, औंदा पन सुटतो का बघूया.