क्लासडोजो घ्यायचं का? तिसरीच्या वर्गातून रिव्ह्यू

हडपसरच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर आहे आणि क्लासडोजो हे वर्ग सांभाळायचं आणि पालकांना मेसेज करायचं अ‍ॅप वापरते, दोन-तीन मैत्रिणींनी विचारलं म्हणून इथेच सविस्तर लिहिते. अ‍ॅप 2011 सालापासून आहे, शिक्षकांना फुकट आहे, प्रत्येक मुलाला एक रंगीत छोटा मॉन्स्टर मिळतो आणि चांगलं वागलं की पॉइंट. बरेच जण या पॉइंटसाठीच घेतात आणि माझ्या मते गाडी तिथेच चुकीच्या रस्त्याला लागते.

कारण पॉइंट कापायचीही सोय आहे. स्क्रीनवर सगळा वर्ग बघतोय आणि एकाच्याच नावाला वजा एक, मग ते पोर दिवसभर बाईंकडे मान वर करून बघेल का? शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 मध्ये मारण्याबरोबर मानसिक त्रासालाही बंदी आहे आणि सगळ्यांसमोर असं नाव खाली जाणं मला तरी त्याच्या फार लांब वाटत नाही. त्यामुळे पहिलं काम हे करा, सेटिंगमध्ये जाऊन कापायचे सगळे पर्याय डिलीट करा आणि मुलांच्या एकूण पॉइंटचे आकडेही लपवा, दोन्ही करता येतं. चांगले पॉइंटसुद्धा हात राखूनच द्या. 1973 सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा, ज्या लहान मुलांना चित्र काढल्याबद्दल बक्षीस मिळेल असं आधीच सांगितलं होतं ती नंतर आपणहून कमी चित्रं काढायला लागली, ज्यांना काही सांगितलंच नव्हतं त्यांचं तसं झालं नाही. मी पॉइंट दिला तर कशाबद्दल दिला ते त्या मुलाजवळ जाऊन सांगते, "तू तिला पट्टी दिलीस ना न मागता, मी बघितलं", आणि खरं सांगू, मुलांना पॉइंटपेक्षा ते "मी बघितलं" जास्त हवं असतं.

आता ज्याच्यासाठी मी हे अ‍ॅप ठेवलंय ते सांगते, रँडम बटण (दाबलं की वर्गातलं कुठलंही एक नाव आपोआप येतं) आणि टायमर. आपण सगळ्या बाई प्रश्न विचारतो आणि पुढच्या बाकावरच्या त्याच चार हातांकडे बघतो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गातलं बोलणं टेप करून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, "माहीत नाही" कमी होतं, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. म्हणून मी आधी प्रश्न विचारते, टायमर लावून शेजाऱ्याशी बोलू देते आणि मगच रँडम दाबते. नाव आलं तरी घाई नाही, मी गप्प उभी राहते. परिसर अभ्यासात "घरी पाणी कुठून येतं" असं विचारलं होतं, बीडकडून आलेला एक मुलगा, कधी हात वर न करणारा, बराच थांबून म्हणाला, "बाई, आमच्या गावाला टँकर येतो, मी आजीबरोबर हंडे लावतो," आणि मग अख्खा वर्ग त्यालाच प्रश्न विचारायला लागला, किती हंडे, भांडणं होतात का, रात्री आला तर काय करता. पुढचा तास सगळा त्याचाच.

हेच त्याच्या आईला मी मेसेजमध्ये कळवलं, वहीच्या फोटोसकट. शाळेतून फोन आला म्हणजे तक्रारच असणार अशी आपल्याकडे पालकांना सवय झालीय, त्या माउलीला आधी वाटलं काय केलं याने. आता गेटवर भेटल्या की स्वतःहून बोलतात, तो घरी काय सांगतो ते सांगतात, आणि ते मला वर्गात फार उपयोगी पडतं. फोटो मात्र पालकांना विचारूनच काढा आणि ज्याचा त्यालाच पाठवा. मेसेजसाठी क्वायट अवर्स, म्हणजे नोटिफिकेशन बंद ठेवायची वेळ, लावता येतात, लावा.

वर्गातला आवाज दाखवणारा नॉइज मीटरही त्यात आहे, तो मी वापरत नाही, गलका वाढला की आवाज खाली आणून बोलते, तेवढं पुरतं.

पाचपैकी चार स्टार. वर्गात मोठी स्क्रीन नसली तरी बाईंच्या एका फोनवर हे सगळं चालतं, आणि पालकांसाठी जो पैसे भरायचा प्लस प्लॅन आहे त्याची गरज नाही, पालकांनी विचारलं तर सरळ नको म्हणून सांगा.