पावतीच्या तळाशी छापलेली एक ओळ

नोव्हेंबर २०२२ मध्ये आमच्या शहरातील नाणी आणि टपाल तिकिटे जमवणाऱ्या हौशी मंडळींच्या संस्थेने वार्षिक प्रदर्शन भरवले, तेव्हा संस्थेच्या नियोजित दालनासाठी मी देणगी दिली आणि तिची ६०,००० रुपयांची पावती घेतली. पावतीच्या तळाशी ‘ही देणगी आयकर कायद्याच्या कलम ८०जी अन्वये करसवलतीस पात्र आहे’ असे छापलेले होते आणि त्याखाली एक लांबलचक नोंदणी क्रमांक होता. त्या एका ओळीवर विसंबून मी विवरणपत्र भरले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती चूक व्याजासह निस्तरली. तक्रारींचा निकाल अजून लागलेला नाही, म्हणून संस्थेचे किंवा तिच्या खजिनदारांचे नाव मी येथे देत नाही. मात्र अशा छंदाच्या संस्थांतून सगळे एकमेकांना ओळखत असतात आणि ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे आपल्याला अवघड वाटते, एवढ्यासाठीच हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून माझे उत्पन्न म्हणजे निवृत्तिवेतन आणि मुदत ठेवींवरील व्याज. त्या वर्षी मी जुन्या करप्रणालीत होतो आणि माझे करपात्र उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात येत होते. खजिनदारांना हे ठाऊक होते. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, मोकळ्या मनानं द्या. अर्धे पैसे सरकारच परत देतं.” हे वाक्य मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकले आणि ते साफ चुकीचे आहे. ८०जीखाली सहसा मिळणारी ५० टक्के वजावट याचा अर्थ देणगीची अर्धी रक्कम आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा होते; अर्धी रक्कम हातात परत येत नाही. ५०,००० रुपये दिले तर २५,००० रुपये उत्पन्नातून कमी होतात, आणि २० टक्के कर अधिक ४ टक्के उपकर या हिशेबाने प्रत्यक्ष वाचतात ते ५,२०० रुपये. तेही देणगी ‘समायोजित’ (म्हणजे इतर काही वजावटी वगळून उरलेल्या) एकूण उत्पन्नाच्या १० टक्के मर्यादेत असेल तर. बहुतेक खासगी धर्मादाय संस्थांना ही मर्यादा लागू असते. शंभर टक्के वजावट पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या कायद्यातच नमूद केलेल्या मोजक्या निधींना मिळते. आमच्यातील एका तरुण सभासदाने तर नवी करप्रणाली स्वीकारली होती, तिच्यात ८०जीची वजावट मुळीच नाही, तरीही त्याला तीच पावती तितक्याच आत्मविश्वासाने देण्यात आली होती.

माझ्या पावतीतील ६०,००० रुपये कसे जमले तेही सांगायला हवे. ३०,००० रुपये मी यूपीआयने दिले. १०,००० रुपये प्रदर्शनाच्या मांडवातच रोख दिले. पाच अल्बममधील माझा जुना तिकिटसंग्रह मी दालनासाठी दिला आणि त्याची किंमत खजिनदारांनी स्वतःच १५,००० रुपये ठरवून पावतीत धरली. उरलेले ५,००० रुपये माझी आजीव सभासदत्वाची वर्गणी होती. “तीही यातच घालतो, तुम्हाला वजावट मिळेल,” असे ते म्हणाले आणि मला त्यांच्या या तत्परतेचे कौतुकच वाटले.

जुलै २०२३ मध्ये करसल्लागाराने मला विचारले, “फॉर्म १० बीई आणलाय का?” मी पावती पुढे केली. त्यांनी थोडे आढेवेढे घेतले, पण अखेर पावतीवरचेच क्रमांक भरून विवरणपत्र दाखल केले. त्यांचा प्रश्न मी त्याच वेळी गांभीर्याने घेतला असता, तर पुढचे काही घडले नसते. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून देणगीदाराला वजावट मिळण्यासाठी केवळ पावती पुरत नाही. संस्थेला प्रत्येक देणगीदाराचे नाव, पॅन, रक्कम आणि देणगी देण्याची पद्धत यांचे विवरण फॉर्म १० बीडी मध्ये, आर्थिक वर्ष संपल्यानंतर ३१ मेपर्यंत, आयकर खात्याच्या पोर्टलवर भरावे लागते. ते भरल्यावर पोर्टलवरूनच फॉर्म १० बीई हे प्रमाणपत्र तयार होते आणि संस्थेने ते देणगीदाराला द्यायचे असते. विवरण उशिरा भरल्यास संस्थेला दर दिवसाला २०० रुपये शुल्क पडते. थोडक्यात, आपली देणगी आयकर खात्याला आपण सांगण्याआधी संस्थेने सांगितलेली असली पाहिजे, आणि माझ्या बाबतीत ती कोणीच सांगितलेली नव्हती.

२०२५ च्या जुलैमध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटींविरुद्ध देशभरात पडताळणीची मोहीम हाती घेतल्याच्या बातम्या आल्या. काही दिवसांनी मला देणगीचा दावा पुन्हा तपासून पाहण्याविषयी संदेश आला. आधी मी त्या संदेशाकडेच संशयाने पाहिले आणि त्यातील दुवा न उघडता थेट पोर्टलवर गेलो. मग खात्याच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आमच्या संस्थेचे नाव शोधले. ते नव्हते. पावतीवरील नोंदणी क्रमांक पुन्हा वाचताना लक्षात आले की, नव्या पद्धतीच्या या क्रमांकाची पहिली दहा अक्षरे म्हणजे संबंधित संस्थेचा पॅन असतो. तो पॅन टाकून शोध घेतला, तेव्हा शेजारच्या तालुक्यातील एका शिक्षणसंस्थेचे नाव समोर आले. क्रमांक खरा होता, मान्यता खरी होती, फक्त ती दुसऱ्याची होती. ब्रिटिश काळातील चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम भरतो की नाही हे तराजूवर पाहिल्याशिवाय मी विकत घेत नाही, आणि ओतीव नकलीच्या कडेला साच्याची शीर शोधण्यासाठी भिंग लावतो. या कागदाला मात्र मी पावणेतीन वर्षे भिंग लावले नव्हते.

यानंतर मी पावतीतील एकेक रक्कम तपासली, तेव्हा असे दिसले की आमच्या संस्थेला खरोखर ८०जीची मान्यता असती, तरी त्या ६०,००० पैकी निम्मी रक्कम अपात्रच ठरली असती. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून वजावट नाही, म्हणजे माझे रोख दहा हजार गेले. वस्तुरूपाने दिलेल्या देणगीला कलम ८०जीची सवलत कधीच नव्हती, मग ती वस्तू तिकिटांचा अल्बम असो, धान्य असो की संगणक. सभासद वर्गणी ही तर देणगीच नव्हे. तिच्या बदल्यात आपल्याला ग्रंथालय, लिलावात प्रवेश आणि मासिक सभा मिळते. उरले यूपीआयचे तीस हजार, आणि त्यांचे काय झाले ते पुढे येईलच.

छंदाच्या संस्थांबाबत एक गोष्ट मला या प्रकरणात नीट समजली. आपण सगळे मिळून वर्गणी काढतो आणि तिचा लाभ आपणच घेतो, तेव्हा ती संस्था कितीही ना नफा असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती परस्परांसाठी चालवलेली मंडळी असते, धर्मादाय नव्हे. आयकर कायद्यातील ‘धर्मादाय हेतू’च्या व्याख्येत गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत, योग, पर्यावरणाचे जतन, कलात्मक वा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू आणि वस्तूंचे जतन, आणि सर्वसाधारण लोकोपयोगाचे अन्य कार्य येते. खजिनदारांनी नेमका यातील ‘ऐतिहासिक वस्तूंचे जतन’ हा धागा पकडला होता आणि तो सकृद्दर्शनी पटण्यासारखाही आहे. शाळांसाठी प्रदर्शने भरवणाऱ्या, दुर्गसंवर्धन किंवा पक्षिनिरीक्षणाचे लोकशिक्षण करणाऱ्या काही संस्थांना अशी मान्यता मिळते. परंतु ती रीतसर अर्ज करून मिळवावी लागते आणि तिला मुदत असते. एप्रिल २०२१ पासून जुन्या कायमस्वरूपी मान्यताही नव्याने घ्याव्या लागल्या; नियमित मान्यता पाच वर्षांची, तर नव्या संस्थेची तात्पुरती मान्यता तीन वर्षांची असते.

माझी दिशाभूल होण्यात आणखी एका गोष्टीचा हात होता. संस्थेच्या कार्यालयात तीन प्रमाणपत्रे चौकटीत लावलेली होती: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालील नोंदणीचे, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालील धर्मादाय कार्यालयाचे, आणि आयकराच्या कलम १२ए खालील एक जुने. तिन्ही अस्सल होती. पण पहिल्या दोहोंनी संस्था अस्तित्वात येते, आणि १२ए (आता १२एबी) ने संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमाफी मिळू शकते. देणगीदाराच्या वजावटीचा यांपैकी एकाशीही संबंध नाही. भिंतीवरच्या तीन खऱ्या कागदांनी चौथ्याची हमी दिल्यासारखे मला वाटले होते.

यूपीआयची गोष्ट अधिक कटू आहे. क्यूआर कोड टिपल्यावर मोबाइलच्या पडद्यावर संस्थेचे नाव न येता खजिनदारांच्या दुकानाचे नाव आले होते. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “संस्थेचं खातं केवायसीत अडकलंय हो साहेब, सोमवारी वळतं करतो.” मी सभासद या नात्याने अर्ज करून धर्मादाय कार्यालयात दाखल झालेला त्या वर्षीचा लेखापरीक्षित हिशेब पाहिला. त्यात दालन निधी या शीर्षकाखाली एक रुपयाही जमा नव्हता. माझ्यासारखेच आणखी सतरा जण निघाले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी दोन ते दहा हजार दिले होते आणि काहींनी संकोचापायी गप्प राहणे पसंत केले.

मी २०२३-२४ या निर्धारण वर्षाचे (म्हणजे देणगीच्या २०२२-२३ या आर्थिक वर्षाचे) अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे उशिरा चूक कबूल करून जादा करासह भरायचे विवरणपत्र, भरले, कारण सुधारित विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२३ रोजीच संपली होती. ३०,००० रुपयांची (६०,००० च्या निम्मी) खोटी वजावट काढून टाकल्यावर ६,२४० रुपये कर निघाला, त्यावर व्याज लागले, आणि निर्धारण वर्ष संपून बारा महिने उलटले असल्याने कर व व्याजाच्या बेरजेवर ५० टक्के अतिरिक्त कर द्यावा लागला. बारा महिन्यांच्या आत हे केले असते तर तो २५ टक्के असता. २०२५ च्या वित्त कायद्याने अद्ययावत विवरणपत्र भरण्याची मुदत २४ वरून ४८ महिन्यांपर्यंत वाढवली आहे, मात्र उशिराप्रमाणे टक्का ६० आणि ७० पर्यंत चढत जातो. खात्याने स्वतःहून प्रकरण उघडून उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे ठरवले असते, तर दंड कराच्या दुप्पट होऊ शकला असता. येथे दिलेली कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ हा नव्या आयकर कायद्याच्या अंमलाचा दिवस असल्याने त्यानंतरच्या व्यवहारांसाठी कलमांचे आणि फॉर्मचे आकडे नव्याने पाहून घ्यावेत.

पोलीस ठाण्यात आम्ही नऊ जणांनी सह्यांचा अर्ज दिला आहे, धर्मादाय कार्यालयात स्वतंत्र तक्रार केली आहे, आणि जिचा क्रमांक वापरला गेला त्या शिक्षणसंस्थेलाही पत्र पाठवले. त्यांना हा प्रकार आमच्याकडूनच कळला. खजिनदारांनी पद सोडले असून पैसे “खर्चात गेले” एवढेच ते सांगतात. माझे पाच अल्बम संस्थेच्या कपाटात सापडले. त्यांची यादी कोणी केलेली नव्हती, त्यामुळे नव्या कार्यकारिणीच्या दोन सभासदांसमोर बसून पानागणिक तिकिटे मोजत ती आता मीच तयार करतो आहे.