गुळाच्या आप्प्यांसाठी घेतलेलं बिडाचं आप्पेपात्र: आठ महिन्यांनंतर

आप्पेपात्र चांगलं की वाईट, हे तिखट आप्प्यांवरून कळत नाही. कांदा-मिरची घातलेलं आंबलेलं पीठ जवळपास कुठल्याही भांड्यातून सुटतं. खरी परीक्षा गुळाची. गूळ तापला की चिकटतो, जरा जास्त तापला की करपतो आणि खळग्याच्या तळाला असा धरून बसतो की आप्पा वर येतो तो डोकं तळाशी ठेवूनच. मी हे बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, पात्र मुख्यतः गोड आप्प्यांसाठीच घेतलं. आठ महिने वापरलं, एकदा गंज चढवला, तो काढला, आणि आता लिहायला बसले आहे.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. आजीकडे बिडाचं पात्र होतं, बाहेरून काजळीने काळंकुट्ट आणि आतून आरशासारखं गुळगुळीत. तांदळाच्या रव्याचे, गूळ आणि ओल्या खोबऱ्याचे आप्पे त्यात व्हायचे. उन्हाळ्यात त्यात रायवळ आंब्याचा रस, भाद्रपदाच्या सुमारास किसलेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी. घराच्या वाटण्या झाल्या आणि ते पात्र कुणाकडे गेलं ते कळलंच नाही. आई आता माझ्याकडे ठाण्याला असते. एकोणऐंशी वर्षांची आहे, हातात पूर्वीसारखा जोर नाही, पण वासावरून सांगते, "अगो बाय, मधला लागतोय बघ." आणि मधला खरंच लागत असतो.

मधली दहा-बारा वर्षं मी नॉनस्टिक पात्रावर काढली. एकापाठोपाठ एक तीन झाली. नवीन असताना आप्पे झरझर सुटतात, यात वाद नाही. पण ते हलकं अॅल्युमिनियम असतं. झटकन तापतं आणि पीठ घातलं की झटकन निवतं. गुळाच्या पिठाला हवा तो मंद, एकसारखा ताव त्यात मिळत नाही, मग आपण गॅस मोठा करतो आणि बाहेरून काळा, आतून कच्चा असा आप्पा हाती येतो. शिवाय आप्पा फिरवायला टोकदार काही लागतंच, आणि त्या टोकाने थर खरवडला जातो. तिसऱ्या पात्राच्या वेळी आप्प्याच्या पोटाला काळे कण चिकटलेले दिसले. त्याच दिवशी ते भंगारात दिलं.

बिडाचं पात्र मी ऑनलाइन मागवलं नाही, बाजारात जाऊन हाताने निवडलं. भांड्यांच्या दुकानात एकावर एक रचलेली पाच होती. मी पाचही खाली काढायला लावली. दुकानदार वैतागला असेल, पण बीड वाळूच्या साच्यात ओततात, त्यामुळे एकाच ठिकाणची दोन भांडी सारखी निघत नाहीत. प्रत्येक खळग्यात मी तर्जनी फिरवून पाहिली. पहिल्यात दोन खळग्यांच्या तळाशी बारीक खडे लागल्यासारखं लागत होतं. दुसऱ्यात एका खळग्याच्या काठावर टोचणारी धार होती. तिसरं सगळीकडे सारखं, मऊ नाही पण एकसारखं खरखरीत. मग ते कानाला धरून लटकवलं आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. घंटेसारखा लांबणारा आवाज आला. तडा असेल तर बद्द वाजतं, हे आईने निघताना सांगितलं होतं. तेच तिसरं घेतलं. अकराशे पन्नास रुपये पडले.

घरी आल्यावर वजन केलं, दोन किलो तीनशे ग्रॅम भरलं. सात खळगे: मध्ये एक, भोवती सहा. बारा खळग्यांचंही होतं, पण ते घरच्या गॅसच्या शेगडीवर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. ज्योत मधल्या खळग्यांना मिळते, कडेचे नुसते वाट बघत बसतात. खळग्याची खोली महत्त्वाची. माझ्या पात्रात ती अडीच सेंटिमीटर आहे, म्हणजे आप्पा जवळजवळ गोल होतो. उथळ, सपाट तळाचे खळगे असले की आप्प्याची टिकली होते, आत तो ओलसर मऊ गाभा राहतच नाही. एक गोष्ट आधीच पाहून घ्या: खालून खळगे बाहेर आलेलं असलं पात्र इंडक्शनवर चालत नाही. इंडक्शन वापरत असाल तर खालून पूर्ण सपाट असलेलंच शोधा.

आता तक्रार. पात्राच्या खोक्यावर ‘वापरायला तयार’ असं छापलं होतं आणि दुकानदारानेही तेच सांगितलं. मी विश्वास ठेवला. नुसतं धुऊन, तेल लावून पहिल्याच दिवशी गुळाचे आप्पे घातले. सातपैकी एकही सुटला नाही. खरवडून काढलेला तो चुरा आईने वाटीत घेऊन दुधात कालवून खाल्ला आणि म्हणाली, "चव बरोबर आहे, भांडं अजून आपलं झालं नाही." माझा जीव मात्र हळहळला. दोन वाट्या तांदळाची तयारी होती, आदल्या दिवसापासूनची.

मग रीतसर मुरवलं. गरम पाण्यात भिजवून काथ्याने घासलं, गॅसवर ठेवून पूर्ण कोरडं केलं, खळग्या-खळग्यातून शेंगदाण्याच्या तेलाचं बोट फिरवलं, आणि मग, ही पायरी बहुतेक जण गाळतात, जुन्या सुती पंचाने ते तेल जवळजवळ सगळं पुसून काढलं. तेल साचलं तर चिकट राळ होते. अगदी पातळ थर राहिला तर तापल्यावर तो बिडाला धरून घट्ट, काळा, चकचकीत होतो, आणि पुढे तोच थर आप्पा सोडवतो. धूर येईपर्यंत तापवायचं, खिडकी उघडी ठेवून, आणि आपोआप निवू द्यायचं. असं चार वेळा केलं. त्यानंतरचे आठ दिवस फक्त कांद्याचे तिखट आप्पे, तेलाचा हात सैल ठेवून. शेजारी मदुराईच्या काकू राहतात, त्यांनी अर्धा कांदा काट्याला टोचून तो तेलात बुडवून खळग्यात घासायला शिकवलं. त्यांच्याकडे कुळी पनियारम याच पात्रात होतं, गोडही आणि तिखटही. गोड आप्प्यांना कांद्याचा वास नको, म्हणून मी वांग्याचा देठ वापरते, आजी घावनाच्या तव्याला वापरायची तसा.

नवव्या दिवशी पुन्हा गूळ. यावेळी सातपैकी सहा सुटले.

माझं प्रमाण सांगते, कारण पात्राची खरी कसोटी या पिठावरच झाली आहे. दोन वाट्या जाडा, जुना तांदूळ धुऊन रोवळीत निथळायचा आणि पंचावर सावलीत तासा-दोन तास पसरायचा. हाताला ओलसर लागेल पण बोटाला चिकटणार नाही, इतकाच सुकवायचा. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून रवाळ काढायचा आणि चाळणीने पीठ बाजूला करायचं. बाजारचा इडली रवा चालतो, पण त्याचे आप्पे कोरडे होतात, आणि दुसऱ्या दिवशी तर घशाला लागतात. एक वाटी गूळ अर्धी वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा. गाळणं टाळू नका, गुळात उसाचे तूस आणि बारीक कचकच निघतेच. त्यात रवा, एक वाटी खवलेलं ओलं खोबरं, एक वाटी आंब्याचा रस किंवा दोन पिकलेली केळी कुस्करून, चिमूटभर मीठ. हे रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी रवा फुगून पीठ घट्ट झालेलं असतं. नारळाचं दूध घालून सारखं करायचं, पळीतून जाड धारेने पडेल इतपत. वेलची शेवटी. सोडा आमच्याकडे घालत नाहीत. मऊपणासाठी मूठभर भिजवलेले पोहे वाटून घालायचे, ते पुरतात.

गूळ रव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त घेऊ नका. गोडाच्या हौसेने मी एकदा दीड वाटी घातला. आप्पे पात्रातून उचलताना फुटले, आणि खळग्यात जी पपडी राहिली ती काढायला गरम पाणी ओतून अर्धा तास थांबावं लागलं.

आता बिडाची मौज. पात्र मंद आचेवर पाच-सहा मिनिटं तापू द्यायचं. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत इकडून तिकडे गेला, म्हणजे झालं. प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तूप. पीठ आधी कडेच्या सहा खळग्यांत, मधल्यात सर्वांत शेवटी, कारण तो सर्वांत तापलेला असतो. पाऊण खळगाच भरायचा. वर पितळी ताट झाकायचं. माझ्या पात्राला झाकण आलं नाही, ते यायला हवं होतं. तीन मिनिटांनी ताट काढलं की कडा सोनेरी होऊन खळग्यापासून जराशी सुटलेली दिसते आणि मधोमध अजून ओलं पीठ थरथरत असतं. हीच वेळ. विणकामाची लोखंडी सुई कडेने आत घालायची आणि आप्पा पूर्ण उलटा न करता आधी तिरपा, उभा करायचा. आतलं ओलं पीठ खळग्याच्या तळाला ओघळतं आणि मोकळ्या जागेत नवी कड धरू लागते. मिनिटभराने पूर्ण उलटायचा. असं केलं की आप्पा दोन्हीकडून गोल होतो, लिंबाएवढा, आणि फोडला की आत वाफ, ओलं खोबरं आणि तुपाचा वास. पहिल्या आप्प्याच्या कुरकुरीत कडेवर गूळ जरासा जळून कडवट-गोड झालेला असतो, तोच भाग मला सर्वांत आवडतो. नॉनस्टिकमध्ये तशी कड कधी आली नाही. बीड ताव धरून ठेवतं, म्हणून ती येते.

एका घाण्याला सात-आठ मिनिटं लागतात. वरच्या प्रमाणात पाच-सहा घाणे होतात. म्हणजे पाऊण तास गॅसजवळ उभं राहण्याची तयारी हवी. घाईच्या सकाळी हे काम नाही. दुसऱ्या घाण्यापासून गॅस आणखी बारीक करा, कारण बीड तापत जातं आणि आपल्याला ते कळत नाही. आणि आप्पे झाले की लगेच ताटात काढा. पात्रातच राहिले तर खालून काळपट होतात आणि लोखंडाची चव लागते.

गैरसोयी आहेत, त्याही सांगते. कान आखूड आहेत आणि ते निखाऱ्यासारखे तापतात. सांडशीने हे वजन पेलत नाही. जाड फडकं दुहेरी करून दोन्ही हातांनीच उचलावं लागतं. आई आता ते उचलू शकत नाही, आणि मनगट दुखणाऱ्या कुणालाही मी हे घ्या म्हणणार नाही. सातांपैकी एक खळगा, कानाच्या उजवीकडचा, बाकीच्यांपेक्षा जरा पातळ ओतला गेला आहे. तिथला आप्पा नेहमी आधी लाल होतो. दुकानात ते बोटाला कळलं नव्हतं. मी तो ओळखून आधी उलटते.

गंजाचं असं झालं. पावसाळ्यात आम्ही आठ दिवस गावी गेलो. जाण्याआधी पात्र धुतलं, पुसलं आणि कपाटात ठेवलं, तेल लावायचं राहिलं. पावसाळी हवेत परत येईपर्यंत दोन खळग्यांत नारिंगी पावडर धरली होती. टाकाऊ झालं असं अजिबात नाही. काथ्याने घासलं, कोरडं तापवलं, दोनदा तेल मुरवलं आणि ते पूर्ववत झालं. आता नेहमी धुतल्यावर गॅसवर मिनिटभर तापवते, तेलाचा पुसट हात फिरवते आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवते. साबण वापरलाच तर अगदी थोडा, आणि पाण्यात भिजत कधीही ठेवत नाही.

केरळात कोट्टारक्कर इथल्या गणपतीला उण्णियप्पमचा नैवेद्य असतो: तांदूळ, गूळ, केळं, खोबरं, आणि खळग्यांच्याच भांड्यात तळलेलं. ते तुपा-तेलात बुडवून तळतात, आपले आप्पे चमचाभर तुपावर होतात. पण पीठ बघितलं तर सख्खी बहीणच. या वर्षी मी गणपतीला मोदकांबरोबर एकवीस आप्पेही ठेवले. तीन घाण्यांत एकवीस, सात खळग्यांचा हिशेब बरोबर बसला. आईने पहिला घाणा स्वतः सोडवला, मी नुसतं पात्र धरून ठेवलं होतं. सुई तिच्याच हातात होती.

कोणी घ्यावं? जिच्या घरी महिन्यातून दोनदा तरी आप्पे होतात आणि जिला पहिले आठ दिवस भांड्याला द्यायची तयारी आहे, तिने निःशंक घ्यावं. वर्षातून एकदा हौसेने करणारीने घेऊ नये. न वापरलेलं बीड गंजतं, आणि दर वेळी नव्याने मुरवण्यात हौस संपते. पैशाच्या मानाने वस्तू चोख आहे, फक्त खोक्यावरचा तो मजकूर काढून टाकायला हवा आणि सोबत मुरवायची कृती मराठीत छापलेला एक कागद द्यायला हवा. तो असता तर माझ्या त्या दोन वाट्या तांदळाचा चुरा झाला नसता.

पुढच्या महिन्यात मोठ्या बहिणीसाठी दुसरं आणायला जाणार आहे. तिलाही सातच खळग्यांचं, आणि यावेळी कानाजवळचे खळगे दोनदा चाचपून.