लॉन मूवरच्या डेकला गंज आणि गवताचा थर: मांद्र्याचा आख्खा पावसाळा काढल्यानंतर

पोलादी डेकचं (डेक म्हणजे पात्यावरचं पत्र्याचं झाकण) मूवर समुद्राकाठी वापरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आधी निकाल सांगतो. डेकला आतून एपॉक्सी रंग, त्यावर ग्रॅफाइटचा कोरडा थर आणि रंग जिथे टिकतच नाही अशा बोल्टांवर, सांध्यांवर लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणकट पदार्थ), एवढ्या तयारीवर माझ्या मशीनने गोव्याच्या किनाऱ्यावरच्या मांद्र्याचा पावसाळा काढला. चवथ झाली, दसरा झाला, आता पहाटेचं दव पडायला लागलंय आणि पत्र्याला कुठेही पोपडा धरलेला नाही. दोन जागी रंग घासून गेलाय, त्याबद्दल पुढे सांगतो. मात्र दर कापणीनंतर डेक खरवडून कोरडा करणं हे या सगळ्यापेक्षा मोठं काम आहे, आणि ते टाळू देईल असा कुठलाच डबा बाजारात मिळत नाही.

मशीन साधंच आहे. चार स्ट्रोकचं पेट्रोल इंजिन, २१ इंची पातं, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा डेक, मागे गवताची पिशवी. लॉन बरंचसं मेक्सिकन गवताचं, आंब्याच्या सावलीत कार्पेट ग्रास, आणि पाऊस सुरू झाला की मधूनमधून हरळी डोकं वर काढते. माती लाल, थोडं खणलं की जांभा. डेकचा मूळ रंग आधीच्या पावसात आतून फुगला होता, बोटाने दाबला तर खवले पडायचे. म्हणून हे सगळं हाती घेतलं.

गंज पावसामुळे येतो असं सगळेच धरून चालतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण माझे आतेभाऊ साखळीला, म्हणजे किनाऱ्यापासून आत, राहतात. त्यांच्याकडे याच बनावटीचं मशीन आहे, आणि घाटाकडे सरकावं तसा पाऊस किनाऱ्यापेक्षा जास्तच असतो. तरी त्यांच्या डेकला गवत बाहेर पडण्याच्या तोंडाशी थोडा तांबूसपणा सोडला तर काही नाही, आणि ते काही वेगळी निगा ठेवत नाहीत. फरक मिठाचा आहे. समुद्रावरच्या वाऱ्यातून मिठाचे बारीक कण येऊन पत्र्यावर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैत आमच्याकडे आर्द्रता त्याखाली क्वचितच उतरते. म्हणजे पाऊस थांबलेला असताना, पडवीत आडोशाला ठेवलेल्या मशीनवरही खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतोच.

त्यावर कापलेलं गवत बसतं. ताज्या गवतात वजनाच्या ७० ते ८० टक्के पाणीच असतं. पावसाळ्यात ते डेकमध्ये वाळत नाही, कुजतं, आणि कुजताना जो आंबट रस सुटतो तो पत्र्याला धरून राहतो. शिवाय कापणीही बिघडते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. डेकची पोकळी ही हवेची वाट आहे. पातं फिरताना हवा वर ओढतं, त्या हवेने गवत उभं राहतं, कापलं जातं आणि पिशवीत फेकलं जातं. आत बोटभर थर साचला की ही वाट अरुंद होते, पिशवी अर्धीच भरते आणि लॉनवर ओल्या गवताची ढेकळं पडत जातात. त्या ढेकळांखालचं गवत मग पिवळं पडतं.

आता रंग कुठे जातो ते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास फिरत असेल तर २१ इंची पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने पळत असतं. आमच्या जमिनीत जांभ्याची बारीक खडी आहे. ती या वेगाने पत्र्यावर आदळते, म्हणजे आतल्या रंगावर वाळूचा फवाराच मारल्यासारखं होतं. माझ्या डेकवर रंग घासला तो नेमका पात्याच्या टोकासमोरच्या पट्ट्यात आणि पिशवीकडच्या तोंडाच्या कडेला. बाकी घुमट, म्हणजे डेकचा आतला वरचा भाग, जवळजवळ जसाच्या तसा आहे. त्यामुळे या दोन जागांना एक हात जास्त द्या, उरलेल्या भागावर मटेरियल उधळू नका.

तयारी एप्रिल-मेमध्येच करावी. एकदा वळीव सुरू झाले की रंग नीट सुकत नाही. स्पार्क प्लगची कॅप काढून बाजूला बांधली, टाकी रिकामी केली, पातं उतरवलं. मशीन आडवं करताना कार्बोरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला राहतील असंच करायचं, नाहीतर इंजिनचं ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. मग पटाशीने खवले, तारेच्या ब्रशने गंज, शेवटी पॉलिश पेपर. यानंतरची पायरी लोक गाळतात आणि रंग तिथेच हरतो: पत्रा गोड्या पाण्याने धुवून मीठ काढणं. रंगाखाली मीठ राहिलं तर ते रंगातूनही पाणी ओढतं आणि खालून फोड येतात. किनाऱ्यावरच्या कित्येक विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, म्हणून यासाठी नळाचंच पाणी घ्या. नंतर भर दुपारच्या उन्हात पत्रा कडकडीत तापू द्या आणि थिनरच्या फडक्याने पुसा.

प्रायमरबद्दल दुकानात हमखास रेड ऑक्साइड हातात देतात. गेटला, ग्रिलला ते चालतं. डेकच्या आत मला झिंकचा प्रायमर जास्त पटला, कारण जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. ओरखडा पडला तरी काही काळ हे काम चालू राहतं. पण त्यासाठी जस्ताचा उघड्या पत्र्याशी थेट संबंध यावा लागतो. म्हणून जिथे पत्रा चकचकीत निघाला तिथे झिंक लावलं. जिथे खड्ड्यांत गंज शिल्लक होता तिथे आधी रस्ट कन्व्हर्टर (टॅनिक आम्लवाला, लावल्यावर गंज निळसर काळा होतो) आणि त्यावर साधा एपॉक्सी प्रायमर. कन्व्हर्टरवर झिंक लावण्यात पैसे वाया जातात. या सगळ्यावर दोन भागांचा (रंग आणि हार्डनर मिसळून लावायचा) एपॉक्सी रंग, पात्यासमोरच्या पट्ट्यात एक हात जास्त. एपॉक्सी उन्हाने पांढुरका पडतो खरा, पण डेकच्या आत ऊन येतंच कुठे? तो पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा लागतो. तेवढा वेळ मशीनला हात लावू नका.

वरच्या थराबाबत मी एकामागून एक तीन गोष्टी वापरून पाहिल्या. सिलिकॉन स्प्रे पहिल्या कापणीला छान वाटला, दुसऱ्या कापणीपर्यंत त्याचा मागमूस राहिला नाही. दर वेळी मारणार असाल तर ठीक, पण मग खर्च वाढत जातो. लॅनोलिनचा थर उडत नाही, पाण्याने धुपत नाही, सांध्यात शिरून बसतो. मात्र घुमटावर मारला की त्याच्या चिकटपणावर गवत बसतंच. ते पट्टीने सहज निघतं आणि खालचा पत्रा कोरडा असतो, पण पिशवी भरायची त्याआधी थर साचायला लागतो. म्हणून लॅनोलिन मी बोल्टांची डोकी, चाकांची उंची बदलायची खाच, डेकची आत वळलेली कड एवढ्यापुरतंच ठेवलं. तिथे त्याला तोड नाही. पावसाळ्याअखेर चाकांचे नट पान्ह्याला सहज फिरले. किनाऱ्यावर राहणाऱ्याला याची किंमत कळेल.

घुमटाला ग्रॅफाइट. पत्र्यावर लावायचा, वाळल्यावर बोटाला गुळगुळीत लागणारा राखाडी-काळा थर. आषाढातल्या भिजलेल्या गवतालाही त्याने थोपवलं असं म्हणणार नाही, पण चिकटलेलं गवत एका हातात सोलल्यासारखं निघायचं, आणि श्रावणातल्या उघडिपीत तर डेक जवळजवळ स्वच्छच बाहेर यायचा. इथे एक इशारा मनापासून देतो. ग्रॅफाइट कधीही उघड्या पोलादावर लावू नका. ते विजेचं वाहक आहे आणि खाऱ्या ओलाव्यात लोखंडाशी त्याची जोडी जमली की गंज थांबण्याऐवजी वेगाने पळतो. खाली अखंड रंग हवाच. म्हणून पात्यासमोरचा रंग घासला गेल्यावर मी तिथे पुन्हा ग्रॅफाइट लावलं नाही. पत्रा घासून, पुसून लॅनोलिन चोळलं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसंच ठेवणार आहे.

शेजारचे काका पहिल्या दिवसापासून सांगत होते, "अरे, काळं ऑइल फास आतून, वर्षभर बघायला नको." काकांनी जुन्या पंपांवर आयुष्य काढलंय, त्यामुळे त्यांचा शब्द मी हलका घेत नाही. पण इंजिनमधून काढलेलं ऑइल पहिल्याच कापणीत लॉनवर उडतं, गवत जाळतं आणि पावसाबरोबर विहिरीकडे जातं. आमच्या वाड्यावर विहिरी घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत. या एका कारणासाठी मी ते लावणार नाही, आणि कुणी लावू नये असं मला वाटतं. खोबरेल तेल निरुपद्रवी आहे, घरात असतंच. पण एका कापणीपलीकडे टिकत नाही.

रोजच्या निगेत मी पाण्याचा पाइप कमीत कमी वापरतो. गवत ओलं आहे तोवरच बांबूच्या चपट्या पट्टीने खरवडतो. लोखंडी पटाशीने रंगाला ओरखडे जातात. प्लगची कॅप काढल्याशिवाय हात आत घालत नाही. नंतर जाड फडक्याने पुसणं आणि मशीन सरळ करून मोकळ्या जागी दोन-एक मिनिटं इंजिन चालवणं. पात्याच्या वाऱ्याने सांध्यातलं पाणी उडून जातं. फारच माखला असेल तर साध्या पाइपने आतून धुतो. प्रेशर वॉशर नको: पात्याच्या दांड्याजवळच्या ऑइल सीलमध्ये पाणी शिरतं. पावसात पात्याची उंची एक खाच वर ठेवली आणि एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त गवत कापलं नाही, तर चोथा मुळातच कमी होतो. हिवाळ्यात दव वाळल्यावर, म्हणजे नऊ-दहा वाजल्यानंतर कापणं यासाठीच बरं.

ठेवताना मशीन जमिनीवर टेकवत नाही. दोन चिऱ्यांवर आडव्या फळ्या, त्यावर चाकं, म्हणजे डेकखालून वारा फिरतो. प्लॅस्टिक गुंडाळून ठेवू नका. आत घाम सुटतो.

साखळी, वाळपई, सांगे अशा आतल्या भागात असाल तर एवढा पसारा लागणार नाही. मूळ रंग शाबूत असेल तर वरून ग्रॅफाइट आणि खरवडणं पुरे. किनाऱ्यावर नवीन मशीन घेणार असाल तर ॲल्युमिनियमच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या डेकचा विचार आधी करा. महाग पडतो, पण लाल गंज त्याला धरत नाही. बोल्ट मात्र त्यातही पोलादीच असतात, तेव्हा लॅनोलिनची बाटली तेवढी घरात असू द्या.