चुना, लाकूड आणि वेत: जुन्या घराच्या नूतनीकरणानंतरचा अनुभव

सगळे ऋतू एकदा फिरून गेल्याशिवाय यावर काही लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. ताज्या पॉलिशच्या वासातलं घर कुणालाही आवडतं. दमट हवेत दारं फुगतात का आणि टेबलावर ओला पेला राहिला तर डाग पडतो का, हे मात्र राहूनच कळतं.

घर आजोबांच्या काळचं. जाड विटांच्या भिंती, चुन्यातलं बांधकाम, दारं सागवानी. आम्हाला हवी होती ती १९४५ ते १९६५ या सुमाराची धाटणी: सरळ रेषा, खाली निमुळते होत जाणारे पाय, लाकूड लाकडासारखं दिसू देणं आणि जमिनीचा बराच भाग मोकळा ठेवणं. काम सुरू करणाऱ्यांना एकच सांगेन. हात आखडता घ्यायचाच असेल तर फर्निचरमध्ये घ्या, भिंतींमध्ये नको.

आमच्या भिंतींच्या खालच्या भागात कायम ओल असायची आणि रंगाचे पापुद्रे सुटायचे. कारण मागच्या कुठल्याशा दुरुस्तीत चुन्यावर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक पेंट चढवला होता. जुनी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून हवेत सोडून देते. सिमेंट ती वाट अडवतं. मग पाण्यातले क्षार गिलाव्यामागे साचतात, त्यांचे स्फटिक होतात आणि तेच गिलावा आतून ढकलून पाडतात. दर वेळी नवा रंग देऊन हे थांबणार कसं? सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा केला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे एक थर नीट धरल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही आणि मधल्या काळात तो एकदम वाळू द्यायचा नसतो. ज्यांना घाईने घरात राहायला जायचंय त्यांनी या वाटेला जाऊ नये. आता ओलीचे डाग नाहीत. एका कोपऱ्यात अजून पांढरी पूड येते, ती कोरड्या ब्रशने झाडायची. पाण्याने पुसली की क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात. सफेदीच्या भिंतीला टेकलं की गडद कपड्यांवर पांढरं उमटतं आणि दिव्यांच्या बटणांभोवतीचे बोटांचे ठसे पुसून जात नाहीत. चुन्याचा आणखी एक हात मारला की मात्र सगळं झाकलं जातं.

दारांवर ऑइल पेंटचे थरावर थर होते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडा पॉलिश पेपर फिरवून धूळ उडवायची नाही. रंग आधी तपासून घ्यावा आणि ओला करून किंवा रिमूव्हर लावून खरवडावा, मुलांना त्या खोल्यांपासून लांब ठेवून. आतून जे सागवान निघालं त्यापुढे नवीन विनियर (प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) फिकं वाटतं. सागवानाला पॉलियुरेथेन, म्हणजे वर कडक थर बसवणारं वॉर्निश, न देता तेल आणि मेणाचं फिनिश दिलं. पॉलियुरेथेनचा थर ओरखडला की बहुधा अख्खी फळी घासावी लागते, तेलाचं तेवढ्यापुरतं दुरुस्त होतं. बदल्यात पेल्यांची वर्तुळं पडतात आणि अधूनमधून तेलाचा हात द्यावा लागतो. एक धोक्याची गोष्ट: जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून ढिगात टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती बाहेर पसरून वाळवायची किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवायची.

लाकूड हवेप्रमाणे रुंदीत फुगतं-आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. सुताराने जेवणाच्या टेबलाची फळी लांबट खाचांमधून स्क्रूने धरली आहे, म्हणून ती दमट-कोरडी दोन्ही हवा तडा न जाता झेलून गेली. नुसती देखणी टेबलं विकणाऱ्यांना हे विचारून पाहा, उत्तरावरून बरंच कळतं.

खुर्च्या सागवान आणि वेताच्या, १९५० च्या दशकात वास्तुकार पिएर जानेरे यांनी चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी केलेल्या खुर्च्यांच्या वळणाच्या. वेताची बैठक जरा खोलगट झाली की खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवून रात्रभर तशीच सोडायची, वाळताना ती पुन्हा ताणली जाते. पण कुणी तिच्यावर गुडघा टेकून उभं राहिलं तर पट्ट्या तुटतात, त्याला इलाज पुन्हा विणण्याचाच. घरात लहान मुलं असतील तर काही खुर्च्या लाकडी बैठकीच्याच घ्या.

सोफ्याबद्दल तक्रार आहे. ही धाटणी बुटकी, आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला त्यातून उठणं म्हणजे शिक्षा. वडील मुकाट्याने जुन्या खुर्चीत बसू लागले तेव्हा लक्षात आलं. पाय स्क्रूचे होते, उंच पाय करून बसवले. छायाचित्रात आता तो तितका डौलदार येत नाही, वडील मात्र रोज त्यावरच बसतात.

उघड्या फळ्यांवर धूळ बसते, एवढंच त्यांच्याबद्दल. दिव्यांचा फरक मात्र अपेक्षेपेक्षा मोठा पडला. ४००० केल्विनच्या पांढरट उजेडात सागवान मळकट दिसत होतं, २७०० केल्विनचे पिवळसर दिवे लावल्यावर त्याचा रंग उमलला. ओट्यावरचे तेवढे ४००० केल्विनचेच ठेवलेत, तिथे सुरी चालते.