एक्सेलचं ‘इफ’: कामाला चोख, पण चूक झाली तर गप्प

अट लावून उत्तर काढायचं म्हटलं की एक्सेलमध्ये ‘इफ’ (IF) हे फंक्शन आलंच. मांडणी सोपी आहे: आधी अट, मग ती खरी ठरली तर काय आणि खोटी ठरली तर काय. शेवटचा भाग सोडला, तर अट खोटी ठरल्यावर सेलमध्ये नुसतं ‘फॉल्स’ उमटतं. रोजच्या कामाला हे पुरतं. तक्रार आहे ती चुकीचं उत्तर बिनदिक्कत देण्याबद्दल.

गुणांची यादी घ्या:

=इफ(बी२>=७५,"विशेष",इफ(बी२>=४०,"पास","नापास"))

आता बी२ मध्ये गुणांऐवजी ‘गैरहजर’ लिहा. निकाल येतो ‘विशेष’! एक्सेलच्या लेखी कुठलाही मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. रिकामा सेल मात्र शून्य धरला जातो, म्हणजे ज्याचे गुण भरायचेच राहिले तो नापास. दोन्हीकडे एरर नाही, इशारा नाही. म्हणून हा अख्खा फॉर्म्युला ‘इझनंबर(बी२)’, म्हणजे ‘बी२ मध्ये आकडा आहे का’, या अटीच्या आत बसवा आणि आकडा नसेल तर ‘तपासा’ असं उमटू द्या. गंमत म्हणजे अटीत बसणारे सेल मोजणाऱ्या ‘काउंटइफ’ला ">=७५" ही अट दिली तर ते ‘गैरहजर’ मोजत नाही. त्यामुळे ‘विशेष’ची संख्या दोन्ही पद्धतींनी काढून पाहिली की घोळ लगेच सापडतो.

‘४० ते ७५ च्या दरम्यान’ हे गणितातल्यासारखं ४०<=बी२<७५ असं लिहून चालत नाही. आधी डावीकडचा भाग सुटून ट्रू किंवा फॉल्स होतो आणि मग त्याची ७५ शी तुलना होते. एक्सेलमध्ये ट्रू-फॉल्स आकड्यांपेक्षा मोठे, म्हणून ही अट कायम खोटी. एक्सेलसारख्याच लिब्रेऑफिस कॅल्क या मोफत प्रोग्रॅममध्ये ट्रू म्हणजे १, त्यामुळे तिथे तीच अट कायम खरी! दोन्हीकडे ‘अँड’ वापरा, म्हणजे सगळ्या अटी खऱ्या असल्या तरच ट्रू देणारं फंक्शन. पण ‘अँड’ पहिली अट खोटी ठरली तरी थांबत नाही, दुसरीही सोडवतं. ‘सी२ शून्य नाही आणि बी२/सी२ एकापेक्षा जास्त’ असं एकाच ‘अँड’मध्ये घातलं, तर सी२ शून्य असताना भागाकाराची एरर येणारच. तिथे इफमध्ये इफच हवं.

एक्सेल २०१९ पासूनचं ‘इफ्स’ (IFS) अनेक अटी एकापुढे एक घेतं, म्हणून वाचायला सुटसुटीत आहे. मात्र त्यात ‘नाहीतर’ची जागा नाही. शेवटची अट म्हणून ट्रू लिहिलं नाही आणि एकही अट जुळली नाही, तर #एन/ए येतं. अटींचा क्रमही सांभाळा, कारण पहिली खरी अट जिंकते: ४० ची अट ७५ च्या आधी ठेवली तर ‘विशेष’ कुणालाच मिळणार नाही. एकात एक ६४ इफ बसतात खरे, पण चारच्या पुढे गेलात तर वेगळा तक्ता करून त्यातून उत्तर शोधून आणणारं ‘व्हीलुकअप’ लावा. त्यात शेवटी ट्रू द्यायचं आणि तक्ता चढत्या क्रमाने लावायचा.

बाहेरून कॉपी केलेल्या फॉर्म्युल्यात वळणदार अवतरणचिन्हं आली तर तो चालत नाही. ती पुसून पुन्हा टाइप करा.

एक्सेलला खरे गुण द्यायचे ते फॉर्म्युलाज टॅबमधल्या ‘इव्हॅल्युएट फॉर्म्युला’साठी. प्रत्येक क्लिकला अधोरेखित तुकडा सुटत जातो आणि अट नेमकी कुठे फिरली ते दिसतं. घाईत असाल तर फॉर्म्युला बारमध्ये तेवढाच तुकडा सिलेक्ट करून एफ९ दाबा. बाहेर पडताना मात्र एस्केप. एंटर दाबलंत तर त्या तुकड्याच्या जागी आकडा कायमचा बसतो.