नर्सिंगच्या सीटची वाट बघताना आम्ही कसे फसलो, सगळं सांगते

ज्यांच्या घरी मुलगी बारावी बायो करून नर्सिंगच्या ॲडमिशनची वाट बघत बसलीये त्यांनी प्लीज हे पूर्ण वाचा, लांब आहे पण वाचा. आमचे एक लाख एकवीस हजार गेले, त्यातले तीस परत आले. पैसे गेल्याचं दुःख आहेच, आमच्यासारख्या घरात एवढी रक्कम म्हणजे दोन वर्षांची बचत, पण मुलीची हक्काची संधी आम्ही आमच्याच हाताने दुसऱ्याला देऊन टाकली ते जास्त लागतं. अजून रात्री झोप मोडते.

आम्ही इंदूरचे, सुदामा नगरात राहतो. हे सांवेर रोडला फॅक्टरीत आहेत, मी घरीच ब्लाउज शिवते. मोठीने २०२३ ला एमपी बोर्डातून बारावी केली, मार्क चांगले होते, आणि तिला लहानपणापासून नर्सच व्हायचं. तिची आजी दोन महिने दवाखान्यात होती तेव्हा तिथल्या सिस्टरांच्या मागे मागे फिरायची, बीपी कसं बघतात, सलाईनचे थेंब कसे मोजतात, सगळं विचारायची. तर तिने पीएनएसटीचा फॉर्म भरला, म्हणजे प्री-नर्सिंग सिलेक्शन टेस्ट, भोपाळचं कर्मचारी चयन मंडळ घेतं, जुन्या लोकांना व्यापमं म्हटलं की लगेच कळतं. सरकारी कॉलेजात बीएससी नर्सिंग करायचं तर ही परीक्षा, सीट मोजक्या आणि फॉर्म भरणाऱ्या मुली हजारोंनी.

परीक्षा दिली आणि मग सुरू झालं वाट बघणं. तेव्हा एमपीत नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण हायकोर्टात चालू होतं, कितीतरी कॉलेजं कागदावरच, कुठे हॉस्पिटल नाही तर कुठे एकच टीचर चार कॉलेजांत दाखवलेला. २०२३ च्या सुरुवातीला ग्वाल्हेर खंडपीठाने नर्सिंगच्या परीक्षाच थांबवल्या, आधीच्या बॅचच्या मुली वर्षानुवर्षं पहिल्याच वर्षात अडकल्या, आणि नवीन ॲडमिशनचंही सगळं रखडलं. रोज सकाळी उठून मुलगी मोबाईलवर साइट उघडायची आणि काही नाही म्हणून ठेवून द्यायची. हिच्या वर्गातल्या मुली बीकॉमला गेल्या, एकीचं लग्न ठरलं. नातेवाईक विचारायचे काय करते सध्या, मग मी म्हणायचे ॲडमिशनचं चाललंय. काय चाललंय ते आम्हालाच माहीत नव्हतं. या काळात माणूस किती कच्चा होतो ते ज्याने भोगलं त्यालाच कळतं, कोणीतरी येऊन नुसतं होईल हो तुमचं काम म्हटलं तरी डोळ्यात पाणी यायचं.

तो माणूस आम्हाला २०२३ च्या गणपतीत भेटला. कॉलनीच्या मंडळात आरतीला यायचा, स्वच्छ मराठी बोलायचा, कपाळाला गंध, वयाने पंचेचाळीसचा असेल. कोणीतरी ओळख करून दिली की हे ॲडमिशनचं काम बघतात, भंवरकुवाला ऑफिस आहे. इंदूरमध्ये राहून आपल्या भाषेत बोलणारा माणूस भेटला की आपण पुढचं काही विचारतच नाही, आमचं तेच झालं. मला म्हणाला, वहिनी, तुम्ही काळजी करू नका, आपलीच लेक आहे, सरकारीचा प्रयत्न चालू राहू दे पण हातात एक सीट धरून ठेवू, सरकारीत लागलं तर टोकन परत. टोकन किती तर एकवीस हजार. गणपतीचे दिवस आहेत, शुभ आकडा, असं स्वतःच म्हणाला.

ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, भिंतीवर कॉलेजांचे मोठे फ्लेक्स. पैसे यूपीआयने घेतले, स्क्रीनवर नाव दुसऱ्याच कोणाचं आलं, विचारलं तर म्हणाला भाच्याचं खातं आहे, माझ्या खात्याची लिमिट संपली. पावती दिली ती कुठल्यातरी समितीच्या नावाची आणि त्यावर लिहिलेलं "विकास सहयोग". ना कॉलेजचं नाव, ना फी हा शब्द. यांनी तेव्हाच म्हटलं होतं की ही पावती आहे की वर्गणी. मीच म्हटलं जाऊ द्या, आपला माणूस आहे.

नंतर चाळीस हजार, मग साठ. एकदम मागितले असते तर आम्ही दिलेच नसते. प्रत्येक वेळी आधी बातमी यायची आणि मग मागणी. तो दर दहा-पंधरा दिवसांनी फोन करायचा, काल भोपाळला होतो, आतून कळलंय पुढच्या महिन्यात कौन्सेलिंग (म्हणजे सीट वाटपाची ऑनलाइन प्रक्रिया) निघतंय, आणि बरोबर त्याच वेळी करायचा जेव्हा आम्ही वाट बघून पार थकलेले असायचो. आता विचार केला की कळतं, तो काही बातम्या आणत नव्हता, पेपरात जे येतं तेच सांगायचा, फक्त आम्ही पेपर वाचायच्या आधी. उशीर जेवढा होत होता तेवढा त्याचा फायदा होत होता.

२०२४ च्या फेब्रुवारीत सीबीआयने हायकोर्टात रिपोर्ट दिला, ३०८ कॉलेजं तपासली त्यातली १६९ बरोबर निघाली. हा त्याच दिवशी घरी पेढे घेऊन आला. म्हणे आपलं कॉलेज बरोबरच्या यादीत आहे, आता रेट वाढणार, साठ आजच द्या. दिले. सोन्याची चेन गहाण ठेवून दिले. आणि मे महिन्यात बातमी आली की कॉलेजांना चांगला रिपोर्ट द्यायला लाच घेतली म्हणून सीबीआयने आपल्याच माणसांना पकडलं, मग हायकोर्टाने त्या १६९ कॉलेजांची पुन्हा तपासणी करायला सांगितली. आम्ही घाबरून फोन केला तर म्हणाला तो सगळा राजकारणाचा भाग आहे, आपल्याला काही होत नाही. तेव्हाच उठायला पाहिजे होतं. पण पैसे अडकले की माणूस आणखी चिकटतो.

कॉलेज बघायला त्याने रविवारी नेलं, बायपासच्या पलीकडे. इमारत नवीन, खाली रिसेप्शन, वर हॉस्पिटल. बीएससी नर्सिंग चालवायचं तर कॉलेजचं स्वतःचं शंभर खाटांचं हॉस्पिटल लागतं, इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे, हे मला नंतर कळलं. तिथे वॉर्डात दहा-बारा माणसं झोपलेली होती, चादरी कोऱ्या, घडीच्या खुणा दिसत होत्या. एकाच्याही पलंगाला केसपेपर नाही, स्टँडला सलाईन नाही, औषधांची ट्रे नाही. सासूबाईंच्या वेळी मी दोन महिने दवाखान्यात बसलेय, आजारी माणसाच्या उशाशी काय काय साठतं मला माहितीये, डबा, थर्मास, रिपोर्टची पिशवी, चपला. तिथे पलंगाखाली चपलासुद्धा नव्हत्या. मुलीने माझा हात दाबला, तिलाही दिसलं होतं. मी गप्प बसले. ही माझी चूक आणि ती मी कोणावर ढकलत नाही.

आता मुख्य गोष्ट. पैसे घेतानाच त्याने ओरिजिनल मार्कशीट, टीसी, मायग्रेशन, मूळ निवासी दाखला सगळं व्हेरिफिकेशनच्या नावाखाली ठेवून घेतलं होतं. आणि कौन्सेलिंग खरोखर निघालं तेव्हा म्हणाला फॉर्म मी भरतो, एक क्लिक चुकलं तर वर्ष जाईल, तुम्ही कशाला रिस्क घेता. आम्ही हो म्हटलं. त्याने रजिस्ट्रेशनमध्ये मोबाईल नंबर स्वतःचा टाकला, ईमेल स्वतःचा, पासवर्ड त्याच्याकडे. म्हणजे ओटीपी त्याला, मेसेज त्याला, आमच्याकडे काहीच नाही. आणि चॉइस फिलिंगमध्ये, जिथे पाहिजे तेवढी कॉलेजं क्रमाने टाकता येतात, इंदूर, भोपाळ, उज्जैन, जबलपूर सगळं सरकारी टाकता आलं असतं, तिथे त्याने एकच कॉलेज टाकून लॉक केलं. तेच, बायपासवालं.

मुलीच्या कोचिंगच्या मैत्रिणीला, हिच्यापेक्षा कमी मार्क होते तिला, सरकारी कॉलेज लागलं. ती पेढे द्यायला आली तेव्हा आमची पोरगी आतल्या खोलीत जाऊन बसली. त्याने मात्र व्हॉट्सॲपवर ॲलॉटमेंट लेटर पाठवलं, अभिनंदन, आता वर्षाची फी भरा एक लाख चाळीस. आधीचे पैसे धरून का, तर नाही, ते वेगळे होते, ते सीट ब्लॉक करायचे.

मग मी लोकमान्य नगरातल्या एका रिटायर्ड सिस्टरकडे गेले, सगळे त्यांना मावशी म्हणतात, तीस वर्षं सरकारी नोकरी केलेली बाई. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "लॉगिन कुणाच्या मोबाईलवर आहे गं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मुलीची ॲडमिशन तुम्ही केलीच नाहीत, त्याने केली." मला खाली बसायची वेळ आली. त्यांनी सांगितलं ते तसंच लिहिते. खरं ॲलॉटमेंट लेटर आपल्या लॉगिनमधून आपण काढतो, कोणी पाठवावं लागत नाही. आणि कॉलेज इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत आहे का, भोपाळच्या नर्सेस रजिस्ट्रेशन कौन्सिलची मान्यता या वर्षाची आहे का, युनिव्हर्सिटीची संलग्नता आहे का, हे तिन्ही वेगवेगळं बघायचं, आणि वर्ष बघायचं, जुन्या वर्षाचा कागद दाखवतात. डिग्री मिळाली तरी कौन्सिलात रजिस्ट्रेशन झालं नाही तर नर्स म्हणून नोकरी लागत नाही, चार वर्षं पाण्यात.

एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवर, म्हणजे सरकारी फॉर्म ऑनलाइन भरून देतात त्या सेंटरवर, मुलगा चांगला निघाला, त्यानेच दाखवलं की प्रोफाइलवर नंबर कोणाचा आहे. तोपर्यंत राउंड संपत आले होते.

कागद परत मिळवायलाच सव्वा महिना गेला. तो म्हणे कॉलेजात जमा आहेत, कॉलेज म्हणे पूर्ण फी भरा मग देतो. मावशींनी सांगितल्यावर लेखी अर्ज दिला, त्यात लिहिलं की ओरिजिनल सर्टिफिकेट कॉलेजने अडवून ठेवायची नाहीत असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्येच काढलेलं आहे, अर्जाच्या प्रतीवर सही-शिक्का मागितला, ते देईनात, मग तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार टाकली. आठव्या दिवशी फोन आला, येऊन घेऊन जा. टीसीचा कोपरा फाटलेला होता, पण मिळाले. मार्कशीट हातात आल्यावर मुलगी रिक्षात रडली, तोपर्यंत एकदाही रडली नव्हती.

पैशाचं तसं झालं नाही. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं पण यूपीआयला इतके महिने झाले होते की खात्यात थांबवायला काही उरलंच नव्हतं, तिथे लगेच, शक्य तर त्याच तासात फोन करावा लागतो. ठाण्यात अर्ज दिला, फसवणुकीचं कलम जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, पण त्याआधी घडलेल्या फसवणुकीला जुनं ४२० च लागतं. हवालदार म्हणाले लिखापढी काय आहे. आमच्याकडे काय तर "विकास सहयोग"ची पावती आणि भाच्याच्या खात्याचे स्क्रीनशॉट. बोलणं सगळं फोनवर, व्हॉट्सॲपवर तो फक्त नमस्काराचे फोटो पाठवायचा, पैशाबद्दल एक शब्द लिहीत नव्हता. बोलावल्यावर त्याने तीस हजार दिले आणि बाकीची कन्सल्टन्सी फी झाली म्हणाला. अर्ज अजून चालू आहे, आम्ही मागे घेतला नाही आणि घेणार नाही.

मंडळात हे सांगितलं तर दोन-तीन लोकांनी आम्हालाच समजावलं, जाऊ द्या, गणपतीला येतो, वाईट दिसेल. याचा मला त्याच्यापेक्षा जास्त राग आला. नंतर कळलं की त्याच कॉलनीत आणखी दोन घरं आहेत आणि दोघंही लाजेने बोलले नाहीत, एकाने तर माझ्या आधीच्या वर्षी पैसे दिले होते. ते बोलले असते तर मी गेले नसते. म्हणून मी बोलतेय, लाज वाटते तरी बोलतेय.

मुलगी आता पुन्हा तयारी करतेय. फॉर्म तिने स्वतः भरला, नंबर तिचा, पासवर्ड तिने वहीत लिहून माझ्या शिवणाच्या डब्यात ठेवलाय. सैन्याच्या नर्सिंग कॉलेजांचंही बघून ठेवलंय, तिथे नीट परीक्षेच्या मार्कांवर बोलावतात, सहा कॉलेजं आहेत त्यात पुण्याचं एएफएमसी पण आहे, म्हणून नीटचा फॉर्मही भरलाय. बघू.

परवा मागच्या गल्लीतली एक बाई ब्लाउज टाकायला आली, तिची मुलगी यंदा बारावीला. बोलता बोलता म्हणाली, एक मराठी भाऊ आहेत, फार चांगले, एकवीस हजार टोकन घेतात. मी मशीन बंद केलं, तिला आत बसवलं आणि सगळ्या पावत्या काढून दाखवल्या. नंबर त्याने बदललाय. ऑफिस तेच आहे, झेरॉक्सच्या दुकानावर.